फ्रिज कुणी दिला

मी जात्याच घाबरट. दवाखान्याचं शटर ओढल्यावर कुलूप तीनदा हलवून बघायचं, रस्त्यावर आल्यावर पुन्हा मागे जायचं, आणि भातसानगरच्या क्वार्टरमध्ये पोचल्यावर नवऱ्याला विचारायचं, "मी कुलूप लावलं ना?" तो धरणावर नोकरीला होता. "अख्ख्या मुंबईचं पाणी अडवून बसलोय, त्याची आम्हाला एवढी काळजी नाही," तो म्हणायचा, "आणि तुला एका शटरची!" असल्या बाईनं डॉक्टर कशाला व्हावं, असं कुणी विचारलं तर मी एक ऐकलेलं वाक्य सांगते. कॉलेजात आमचे एक सर म्हणायचे की घाबरट डॉक्टरच्या हातून सहसा पेशंट दगावत नाही. त्या वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

दवाखाना होता शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सापगावच्या पुढे. दीड खोली, बाहेर एक बाक, आणि शेजारच्या शटरमध्ये मेडिकल. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. हाताखाली एक मावशी होत्या. मावशींना आसपासच्या सगळ्या गावांतली नाती पाठ. पेशंट आत यायच्या आधीच त्या सांगायच्या, "ही त्या ह्याची सून हाय, हिला खोटं बोलायची सवय हाय, दोन दिस ताप म्हनली तर पाच दिस समजा." मी शिकले ते पुस्तकात होतं, आणि मला लागायचं ते मावशींकडे.

पहिल्याच वर्षी, लावणीच्या दिवसांत, फुरसं चावलेला एक माणूस खांद्यावर घालून आणला. माझ्याकडे सापाचं इंजेक्शन नव्हतं, कारण ते ठेवायला फ्रिज नव्हता. त्याला जीपमध्ये घालून शहापूरला पाठवलं. तो वाचला. पण जीप वळणाआड गेल्यावर मी आत येऊन बसले ती तासभर उठलेच नाही. बाहेर बाकावर लोक थांबले होते आणि मावशी त्यांना सांगत होत्या, "बाय च्या पितात." मी चहाबिहा काही पीत नव्हते.

त्याच महिन्यात औषध कंपनीचा माणूस आला. दर महिन्याला यायचा, कल्याणहून मोटारसायकलवर. मे महिन्यातसुद्धा गळ्यात टाय. बोलायला फार नम्र, मला भारी संकोच व्हायचा त्याचा. मी सहज म्हणाले की फ्रिज घ्यायचाय पण अजून जमत नाही. तो म्हणाला, "मॅडम, फ्रिजचं काय घेऊन बसलात? आम्ही देतो की."

"आणि मला काय करावं लागेल?"

"काही नाही मॅडम. थोडा सपोर्ट ठेवा."

पंधरा दिवसांत टेम्पोतून फ्रिज आला. त्याच्या दारावर कंपनीच्या खुणेचं हरीण होतं, पळणारं, तळहाताएवढं. पाठोपाठ हरणाचं भिंतीवरचं घड्याळ आलं, हरणाचं कॅलेंडर आलं, टेबलावर हरणाचा पेनस्टँड आला, तपासायच्या टेबलावरच्या चादरीच्या कोपऱ्यातसुद्धा हरीण आलं. फ्रिजमध्ये सापाचं इंजेक्शन आलं, धनुर्वाताचं आलं, कुत्रा चावल्यावरची लस आली. पुढच्या पावसाळ्यात दोन माणसं त्या फ्रिजमुळे वाचली, हे मी आजही कुणासमोर सांगेन. आणि मी सपोर्ट ठेवायला लागले.

सपोर्ट म्हणजे त्या कंपनीचं लोहाचं टॉनिक, खोकल्याचं औषध आणि एक अँटिबायोटिक. औषधं वाईट नव्हती. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की तेवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता. महाग मात्र होती. टॉनिकच्या बाटलीत बाईमाणसाची दोन दिवसांची मजुरी जायची, आणि त्याच कामाच्या लाल गोळ्या उपकेंद्रातली सिस्टर घरोघरी फुकट वाटायची. पण गोळ्यांनी मळमळतं, टॉनिक गोड असतं, लोकांना बाटली आवडते, अशी कारणं काय, बसल्या जागी दहा सापडतात.

एकदा कंपनीचा माणूस खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात जरा कमी झालं." मी चमकले. याला कसं कळलं? मग समजलं की माझ्याकडे यायच्या आधी तो शेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन, माझ्या किती चिठ्ठ्या आल्या, कुठल्या बाटल्या गेल्या, सगळं विचारून येतो. त्या दिवसापासून चिठ्ठी लिहिताना पेशंट समोर बसलेला, आणि पाठीमागे कुणी तरी उभं राहून वाचतंय असं वाटायचं. रोज ठरवायचे की त्याला तोंडावर सांगायचं, ने तुझा फ्रिज. रोज फ्रिज उघडून इंजेक्शनं मोजायचे आणि गप्प बसायचे.

लोक माझ्या दवाखान्याला 'हरणाचा दवाखाना' म्हणायला लागले होते. मला त्याची गंमत वाटायची, घरी जाऊन मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. इथे निम्म्या लोकांना वाचता येत नाही, हरीण मात्र सगळ्यांना ओळखता येतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावला होता.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास कातकरवाडीतली एक बाई आली. वीस-बावीस वर्षांची, चौथा महिना, अंगानं काटकुळी. नवरा सोबत होता, तो दाराबाहेर उकिडवा बसला. पापणी ओढून पाहिली, रक्त कमी होतं. मी तिला टॉनिक लिहून दिलं. तिनं विचारलं, "सिस्टर गोल्या देतं, त्या घेऊ का? त्यानं वकाऱ्या येतात."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाहेर बाकावर अकरा माणसं होती. मी म्हणाले, "हे घे. यात सगळं आलं."

दिवाळी झाली आणि वाडी रिकामी झाली. दरवर्षी व्हायची. माणसं वीटभट्ट्यांवर जायची, झोपड्यांच्या दारांना काट्या लावून. तीही गेली असणार, मी तिचा विचार केला नाही. माझ्याकडे विचार करायला शटर होतं, कंपनीचा माणूस होता.

होळीच्या चार-पाच दिवस आधी, भर दुपारी, मावशींची हाक आली, "बाय, लवकर या." मावशींचा आवाज कधी चढत नाही, तो चढला होता. बाहेर बाकावर तीच बाई आडवी होती, नवऱ्यानं भट्टीवरून आणलेली. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, धाप लागलेली. पापणी खाली ओढली तर आत रंग म्हणून नव्हता, कोरा कागद. मी दुसरी पापणी ओढून पाहिली, मग पुन्हा पहिली. तिला ते उमगलं आणि ती माझ्याकडे बघून हसली, जणू मला धीर देत होती.

"औषध घेतलं नाहीस?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

"घेतला ना, बाय." नवऱ्यानं पिशवीतून बाटली काढली. माझं टॉनिक, हरणाचं. रिकामी, धुऊन लख्ख केलेली. पहिली संपल्यावर त्यानं भट्टीवरून पायपीट करून दुसरी आणली होती. पुढे पैसे पुरेनात, म्हणून एक झाकण औषध तीन दिवसांनी, पाणी घालून. शेवटी बाटली विसळून ते पाणी.

"आणि सिस्टरच्या गोळ्या?"

त्यानं पिशवीत पुन्हा हात घातला आणि बिस्किटाचा एक डबा काढला. डब्यात लाल गोळ्यांच्या पुड्या होत्या, एकही न फोडलेली. भट्टीवर उंदीर खातील म्हणून डब्यात जपून ठेवलेल्या. टाकून दिल्या नव्हत्या, सरकारी वस्तू टाकू नये म्हणून.

"ह्या का नाही घेतल्यास गं?"

"त्येच्यावर हरीन नाय ना, बाय," ती म्हणाली. "तुमचा औषध नाय त्या. तुमीच बोल्लात, ह्याच्यात समदा आला."

मावशी खाली बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं की हरीण असेल ते बायचं औषध, नसेल ते कुणाचं तरी भलतंच. फक्त मला ठाऊक नव्हतं, आणि मला कुणी सांगितलं नाही कारण मला ते ठाऊक असणारच, असं सगळे धरून चालले होते. हरीण मीच लावलं होतं ना.

जीप केली. ती मागे मावशींच्या मांडीवर डोकं ठेवून, नवरा मागच्या फळीवर, मी पुढे. मुरबाडवरून खाली मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. त्या दुपारी प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून तिचा श्वास चाललाय का बघत होते. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "बाय, तुमी सारख्या वळू नका, मला भ्या वाटतं." मला देव फारसा आठवत नाही, त्या दिवशी आठवतील तेवढे आठवले. आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी भीती तिच्यासाठी होती आणि निम्मी माझ्यासाठी. ती गेली तर ती बाटली आणि माझी चिठ्ठी नवऱ्याच्या पिशवीत होती. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय.

तिथल्या तरुण डॉक्टरनं माझी चिठ्ठी वाचली, बाटली उलटी-सुलटी केली, डब्यातल्या गोळ्या पाहिल्या. मला वाटलं आता हा सर्वांदेखत मला फाडून खाणार. तो खिशातून पेन काढून रक्तासाठी कागद भरायला लागला. त्याच्या पेनवर हरीण होतं.

नवऱ्याचं रक्त जुळलं. आणखी एक बाटली कुणाकुणाच्या पाया पडून मिळाली. दोन दिवसांनी ती बाळंत झाली. मुलगी, एवढीशी, नुसते डोळे. दोघी जगल्या.

मी मात्र झोप हरवून बसले. माझा नवरा म्हणाला, "फ्रिज परत कर आणि मोकळी हो." बोलायला सोपं होतं. पुढे पावसाळा होता, साप होते, आणि दुसरा फ्रिज घ्यायची ऐपत तेव्हा नव्हती. पण ठेवून गप्प बसायचीही हिंमत आता उरली नव्हती. धड इकडे नाही, धड तिकडे नाही, अशा वेळी माणूस पाटी लावतो. मी ठरवलं की आपल्याला कुणी काय दिलंय ते लोकांसमोर सरळ मांडायचं. मग लोक काय समजायचं ते समजतील, आणि मला तरी झोप लागेल. तेव्हा असला काही नियम नव्हता, निदान मी ऐकलेला नव्हता. नियम-बियम खूप पुढे निघाले.

मजकूर करायला मला चार दिवस लागले. शेवटी असा झाला: 'या दवाखान्यातील फ्रिज, घड्याळ, कॅलेंडर, चादरी या वस्तू हरीण छाप औषध कंपनीने डॉक्टरांना दिल्या आहेत. डॉक्टर लिहून देतात त्यातील काही औषधे याच कंपनीची असतात. स्वस्त किंवा सरकारी औषध चालेल का, ते डॉक्टरांना विचारावे.' सापगावच्या पेंटरला कागद दिला. तो म्हणाला, "'सप्रेम भेट' कुठं टाकू?" मी म्हटलं, कुठेच नको. तरी त्यानं वर श्रीकार काढला आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी. पत्र्यावर निळा रंग, पांढरी अक्षरं, फ्रिज आणि कंपनीचं नाव ठळक पिवळ्यात. त्याला वाटलं असणार की नाव मोठं काढा असं सांगायची बाईंना लाज वाटतेय.

पाटी बाकाच्या वर टांगली त्या दिवशी सकाळपासून मी दाराशीच घुटमळत होते. आता कुणी तरी वाचणार. आता कुणी तरी आत येऊन म्हणणार, म्हणजे बाय, इतकी वर्षं तुम्ही...? लोक उठून शहापूरला जातील. मेडिकलवाला भांडायला येईल. कंपनी टेम्पो पाठवेल.

पहिला आत आला तो एक म्हातारा शेतकरी. म्हणाला, "बाय, पाटी झ्याक झाली! आमच्या मारुतीच्या देवलात लावलीय तशीच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले होते ते. आमच्याकडे देवळात पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर नाव, शाळेला बाक दिला तर बाकाच्या पाठीवर नाव, घंटा, सतरंजी, पाण्याची टाकी, सगळ्यांवर देणाऱ्याचं नाव. नाव येतं ते मानानं. या लोकांनी जन्मात दुसऱ्या कारणासाठी लावलेली असली पाटी पाहिलीच नव्हती. माझी कबुली त्यांनी देणगीदारांची यादी म्हणून वाचली, आणि शेवटची ओळ तर कुणी वाचलीच नाही. यादी संपली की वाचणारा हात जोडतो, तिथे वाचण्यासारखं काही नसतं.

आठवड्याभरात तोच म्हातारा वडिलांच्या नावानं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आला, पाटीवर खाली जागा आहे ना म्हणून. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस वजनकाटा देतो म्हणाला, "आमचंही नाव पिवळ्यात टाका." मी समजावून सांगायला गेले की ही तसली पाटी नव्हे. "मोठं मन हाय बायचं," मावशींना लोक म्हणाले, "दुसरे डॉक्टर मिळालेला लपवतात." आणि महिन्याअखेरीला हरणाचा माणूस आला. मी उभीच राहिले. त्यानं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, टाय सारखा केला आणि म्हणाला, "मॅडम, फोटो काढला तर चालेल? साहेबांना दाखवतो." मी बाजूला सरकले. त्यानं फोटो काढला.

जूनमध्ये ती आली. पोरगी फडक्यात बांधलेली, आणि दुसऱ्या हातात शेवळांच्या रानभाजीची जुडी, माझ्यासाठी. भाव मस्त यायचा शेवळांना तेव्हा बाजारात, पण ही जुडी विकायला नव्हती. बाकावर बसून तिनं पाटी पाहिली आणि मावशींना विचारलं, "ह्या काय लिवलाय गो?"

मावशी म्हणाल्या, "कुनी कुनी काय दिला त्या."

मी आतून ऐकलं आणि मला राहवलं नाही. बाहेर येऊन तिच्या शेजारी बाकावर बसले. दवाखाना काढल्यापासून त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसत होते. तिला मी पत्र्यावरची भाषा सोडून सांगितलं. कंपनीनं मला फ्रिज दिला. म्हणून मी त्या कंपनीचं औषध लिहायची. ते महाग असतं. तुझ्या नवऱ्यानं भट्टीवरून जाऊन आणलं ते. सिस्टरच्या गोळ्यांनी तेच काम झालं असतं, आणि तू मरणाच्या दारी गेलीस ती माझ्या बोलण्यानं. हे सगळं मी तिच्याकडे न बघता, दारातून आतल्या फ्रिजकडे बघत सांगितलं.

तिनं पोरीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या बाटल्यांचं पैसं कंपनीला गेलं, न् कंपनीनं फ्रिज दिला."

"हो."

"मंग फ्रिज आमीच दिला की, बाय."

ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर मला सोसलं असतं. हिशेब जुळल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाली. वर म्हणाली, "मंग त्या कंपनीचा नाव कनाला? आमच्या वाडीचा लिवा." मावशी हसल्या, तीही हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराला पुसलं आणि पोरीला तपासायला घेतलं. छातीत घरघर होती, तीन दिवसांचा खोकला. फार काही नव्हतं. मी टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिली आणि तिच्या हातात दिली.

चिठ्ठी घेऊन एरवी लोक सरळ शेजारच्या शटरकडे वळतात. ती वळली नाही. वाचता येत नव्हतं तरी तिनं कागद डोळ्यांसमोर धरला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाय, ह्या पोरीसाठी लिवलाय का फ्रिजसाठी?"

पाटी लावल्यापासून ते विचारणारी ती पहिली. मी म्हणणार होते, अगं, असं काय विचारतेस? पण कागद तिच्या हातातून परत घेतला आणि वाचला. हाताच्या सवयीनं मी हरणाचंच औषध लिहिलं होतं.